जिवाणूच्या आतली घडी

दुपारी अडीचच्या सुमाराला आमच्या प्रयोगशाळेत ऊन पाचव्या टेबलावर यायचं. पश्चिमेला खिडकी, खिडकीबाहेर कडुनिंब, आणि त्याच्या पानांमधून हलत हलत उतरलेला उजेड. आमच्या सूक्ष्मदर्शकांना दिवे नव्हते. खाली एक गोल आरसा असायचा, तो फिरवून उजेड पकडायचा. थेट ऊन घ्यायचं नाही, डोळा दुखतो. उन्हाच्या शेजारचा उजेड घ्यायचा. हे मला कुणी शिकवलं नाही, करता करता समजलं. मुलं घरी गेलेली असायची, सर स्टाफरूममध्ये, आणि मी त्या टेबलाशी बसून नळीला डोळा लावून अर्धा जागा, अर्धा झोपेत. माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला भाग हाच, आणि तो हजेरीपत्रकात कुठे लिहिलेला नव्हता.

ज्या मित्रानं दिवाळी अंकासाठी लिहायला बसवलं, त्याला माझ्याकडून झुरळांच्या गमती हव्या आहेत. त्याचं मन मोडत नाही, एखादी सांगतो. पण लिहायला बसलो आहे ते एका घडीबद्दल. कपड्याची नव्हे, जिवाणूच्या आतली. ती घडी मी आयुष्यभर रंगवली, आणि एका मुलीच्या वहीत चोरून काढली.

शिरूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचा सहायक होतो. सहायक म्हणजे सरांच्या आधी येणारा आणि मुलांच्या नंतर जाणारा माणूस. काचपट्ट्या धुवायच्या, रंग गाळून ठेवायचे, फॉर्मेलीनच्या बरण्यांची झाकणं मेणानं बंद करायची, दही लावायचं. दही खायला नाही, जिवाणूंसाठी. दह्याचा थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून दोनदा फिरवायचा म्हणजे जिवाणू काचेला धरून बसतात; मग जांभळा रंग टाकायचा आणि धुवायचा. नळीतून बघितलं की जांभळे बारीक दांडे आणि ठिपके दिसतात, कुणी ओळीनं मांडून ठेवल्यासारखे. माझी बोटं बारा महिने जांभळी. माझी बायको शमीम लग्नानंतर बरीच वर्षं मला भाकरीच्या दुरडीला हात लावू द्यायची नाही.

मुलांच्या चिरफाडीच्या प्रॅक्टिकलसाठी झुरळं मी दौंडहून आणायचो. दौंड माझं गाव. तिथल्या एका खानावळीच्या भटारखान्यात ती पाहिजे तेवढी मिळायची. मालक डबा भरू द्यायचे, अट एकच, कुणाला सांगायचं नाही. एकदा एसटीत डब्याचं झाकण निसटलं. कंडक्टर तिकिटांची पेटी छातीशी धरून सीटवर चढला आणि ओरडायला लागला, "कुणाचा माल हाय ह्यो? अहो, कुणाचा हाय?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो. शिरूर येईपर्यंत बघत राहिलो. हा किस्सा मी पुष्कळ सांगितला आणि पुष्कळांना हसवलं. असं गप्प बसणं आपल्या अंगात मुरलेलं आहे, हे मात्र फार उशिरा लक्षात आलं.

अब्बा रेल्वेत रंगारी होते. दौंडच्या यार्डात डब्यांवर आकडे आणि अक्षरं काढायचे. ब्रश धरायला मी त्यांच्याकडून शिकलो. आमचे जीवशास्त्राचे गवारे सर हुशार आणि घाईचे माणूस. त्यांना माझा हात चालतो हे कळलं आणि त्यांनी बाजारचे तक्ते आणणंच बंद केलं. "तांबोळी, हृदय करून टाका," म्हणायचे, "तांबोळी, पुढच्या आठवड्यात किडनी लागेल." ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस कुठल्या धंद्यात आहे. माझे तक्ते पाबळला गेले, निमोण्याला गेले, दौंडच्या शाळेत गेले. मुलं मला मामा म्हणायची, आणि तक्त्यांवर मी नाव कधी घातलं नाही. अब्बांनी तरी डब्यांवर कुठे घातलं होतं?

सरांच्या सांगण्यावरून मी फळ्याच्या वर निळ्या रंगात एक पाटीही रंगवली होती. दिसेल तेच काढा. प्रयोगवहीचा, म्हणजे जर्नलचा, तो पहिला नियम. शेजारच्याचं बघून नाही, पुस्तकातलं नाही, नळीत दिसेल ते.

आता ती घडी. जिवाणू म्हणजे एकच पेशी. बाहेर जाड भिंत, भिंतीला आतून लागून एक पातळ पटल, आत गर, आणि गरात केसांच्या गुंतवळासारखा डीएनए. आपल्या पेशीत श्वसनासाठी वेगळी खोली असते. जिवाणूला खोल्या नाहीत, सगळा संसार एकाच खोलीत. म्हणून पुस्तक सांगायचं की एका ठिकाणी हे पटल आत वळतं, त्याच्या घड्या पडतात आणि त्या घड्यांत कामं चालतात. श्वसन तिथं, नवी भिंत घालायची ती तिथून, आणि एका पेशीच्या दोन होताना डीएनए दोन्हीकडे नीट पोचवायचा तोही तिथूनच. जागा तेवढीच, पण घडी घातली की पृष्ठभाग वाढतो. ह्या घडीचं नाव मेसोसोम.

ती साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉनचा मोठा सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तो तेव्हा आम्ही फोटोतसुद्धा पाहिला नव्हता. पण तक्त्यावर ती मी अशी काढली होती की बघणाऱ्याची नजर आधी तिथंच जावी. पाच वळसे, बाहेरून निळे, आतून फिकट केशरी. दुपारी पाचव्या टेबलाशी डोळा लागला की मी त्या घडीत जाऊन बसायचो. आत ऊब असायची, भिंती हळूहळू आत-बाहेर व्हायच्या, बाहेरून दह्याचा आंबूस वास यायचा. कुठे जायची घाई नसायची. मुलाबाळांचा बाप असा माणूस हे कुणाला सांगणार? पण मला ती जागा माझ्या घराइतकी ओळखीची होती.

तर त्या काळात, म्हणजे नव्वदीच्या सुरुवातीला, लोक बाटल्या घेऊन यायचे. कॉलेजात दुर्बीण आहे एवढं गावोगाव कळलेलं. विहिरीचं पाणी, वांग्यातली अळी, म्हशीचं दूध. एकदा निमोण्याचे एक आप्पा लोणच्याच्या बरणीत गुलाबी पाणी घेऊन आले. शेवंती आणि भाजीचं रान होतं त्यांचं. गोठ्यामागच्या खड्ड्यात धुण्याचं पाणी आणि सडकी फुलं साचायची. उन्हाळ्यात त्या खड्ड्याचा रंग बदलून लुगड्यासारखा गुलाबी झाला होता.

"शेजारी म्हंत्यात कुणीतरी काहीतरी केलंय," आप्पा म्हणाले. "मी म्हटलं, केलं आसंल तर दुर्बिणीत दिसंल."

बरणी उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास आला. मी थेंब काचेवर घेतला. आप्पा नळीला डोळा लावून बराच वेळ स्थिर उभे राहिले.

"ह्यात काटेरी झाडं हायती, तांबोळी. काळी."

"आप्पा, त्या तुमच्या पापण्या आहेत."

मग त्यांच्याबरोबर आलेल्या मुलीनं त्यांना बाजूला केलं. ती आमच्याच अकरावीतली सुनंदा, त्यांची थोरली. तिनं आरसा स्वतः फिरवला आणि उन्हाशेजारचा उजेड घेतला. मी बघत होतो. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"आप्पा, पोहत्यात," ती हळूच म्हणाली. "लांबुडकी हायेत. आन् पोटात चमचम करतंय."

गवारे सर आले. उन्हावर आपलं अन्न करणारे जिवाणू असतात आणि हा त्यांचाच रंग, असं त्यांनी समजावलं. आप्पांना पटलं की नाही कोण जाणे. पण सुनंदा तेव्हापासून दुपारी पाचव्या टेबलाशी थांबायला लागली. एसटी साडेचारला असायची. तोपर्यंत ती बघायची आणि काढायची, मी काचा धुवायचो. कधी कधी तासभर दोघंही बोलायचो नाही. डॉक्टर व्हायचं, हे तिनं मला अशाच एका दुपारी नळीतून डोळा न काढता सांगितलं. निमोण्यातून त्यांच्या घरातली कुणी पोर बारावीपर्यंतही आलेली नव्हती. आप्पांनी मात्र पोरगी डॉक्टर होणार म्हणून गावात आधीच सांगून टाकलं होतं.

तेव्हा मेडिकलचा प्रवेश बारावीच्या मार्कांवर व्हायचा, त्यात प्रॅक्टिकलचेही मार्क धरायचे. आणि प्रॅक्टिकलला बसायचं तर जर्नल पूर्ण पाहिजे, त्यावर सरांची सही पाहिजे. सहीच्या आदल्या दिवशी सरांनी सुनंदाचं जर्नल उघडलं. जिवाणूच्या पेशीची आकृती सुरेख होती, पण तिच्यात घडी नव्हती.

"मेसोसोम कुठंय?"

"सर, मी नाही काढला."

"का?"

तिनं लायब्ररीतलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून टेबलावर ठेवलं. त्यात मोठ्या सूक्ष्मदर्शकातले फोटो होते, धुरकट, राखाडी. "सर, भिंत सगळ्यांला हाय. पटल सगळ्यांला हाय. घडी एकाला हाय, तीन जणांला न्हाई. आन् जिथं हाय तिथं प्रत्येकाची निराळीच. मग ती कुणाची मानायची?"

सर हसले. रागावले नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. "सुनंदा, तू डॉक्टर हो, मग सावकाश शोध ती कुणाची ते. परीक्षेत मेसोसोम विचारतात. काढून टाक."

तिनं वर पाटीकडे बघितलं. "सर, तिथं लिहिलंय."

ती पाटी माझ्या हातची. मी काचा पुसत राहिलो. सरांना मीटिंगला जायचं होतं. ते जाता जाता मला म्हणाले, "तांबोळी, उद्या सह्या आहेत. तिची घडी तेवढी बघा."

तेवढी बघा. मी तिला दारात गाठलं. म्हटलं, "सुनंदा, दोन मिनिटांचं काम हाय. काढ बाई."

"मामा, मला दिसत न्हाई ते मी कशी काढू? तुम्हीच तर लिहिलंय."

ती एसटीला गेली. जर्नल टेबलावर राहिलं. ऊन पाचव्या टेबलावरून उतरत होतं. मी मनाशी म्हटलं, पोर हट्टी आहे, तिचं नुकसान व्हायला नको. जर्नल उघडलं, पेन्सिलला टोक केलं आणि तिच्या आकृतीत घडी काढली. पाच वळसे, एका दमात, हात न उचलता. खरं सांगू? काढताना मला आनंद झाला. तक्त्यावरच्या घडीपेक्षा ती जास्त जिवंत आली होती. दुसऱ्या दिवशी सरांनी पान उलटलं, मान डोलावली आणि सही केली. जर्नलं नंतर कपाटातच राहायची, थेट परीक्षेच्या दिवशी टेबलावर यायची. त्यामुळे सुनंदाला काही कळलं नाही.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात. त्या वर्षीचे गृहस्थ शिस्तीचे होते. एकेका मुलाला समोर बोलवायचं, जर्नल चाळायचं, दोन-चार प्रश्न तोंडी विचारायचे. माझं काम काचपट्ट्यांचा ट्रे घेऊन टेबलांमधून फिरायचं. सुनंदाची पाळी आली तेव्हा मी त्यांच्या हाताशीच उभा होतो.

"वा," परीक्षक म्हणाले. "इतका सुंदर मेसोसोम ह्या कॉलेजात कुणीच काढलेला नाही. बोला, काय काम करतो तो?"

काम तिला पाठ होतं. श्वसन, भिंत, डीएनए. झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण तिनं पानाकडे बघितलं आणि बघतच राहिली.

"सर, ही घडी माझी नाही."

"म्हणजे?"

"मी काढलेली नाही."

"मग कुणी काढली?"

तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. एकदाच. गवारे सर खिडकीकडे वळले होते. बाहेर कडुनिंबाला मोहर आला होता, तो वास आत येत होता, आणि मला ट्रेमधल्या काचपट्ट्या दिसत होत्या, एकेक, अगदी स्वच्छ. बोलायला एवढंच होतं: सर, मी. माझ्या तोंडून ते निघालं नाही. नोकरीची भीती होती म्हणावं, तर तेवढा विचार करायलाही मी पोचलो नव्हतो. एसटीत बसलो होतो तसाच उभा होतो.

"जर्नल दुसऱ्याकडून काढून घेता?" परीक्षक म्हणाले. सुनंदानं माझं नाव घेतलं नाही. त्यांनी पानावर तिरपी लाल रेघ मारली आणि पुढच्या मुलाला हाक दिली.

मेडिकल तिचं थोडक्यात हुकलं. त्या लाल रेघेमुळेच हुकलं, असं मला शपथेवर सांगता येणार नाही. लेखी पेपरातही कमीजास्त होतंच. पण गेली कित्येक वर्षं मी स्वतःला असं समजावतो आहे आणि एकदाही पटलेलं नाही. ती पुण्याला बीएस्सीला गेली. कॉलेज सोडल्याचा दाखला न्यायला आली, तेव्हा प्रयोगशाळेच्या दारावरून गेली, आत आली नाही.

आप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. शिरूरच्या बाजारच्या दिवशी ते अधूनमधून यायचे, शेवंतीची जुडी टेबलावर ठेवायचे. "पोरीला तुम्ही लई शिकवलंत, तांबोळी," म्हणायचे. फुलं मी बीकरमध्ये ठेवायचो आणि ती सुकेपर्यंत त्या टेबलाशी बसत नसे.

दुपारची झोपही बदलली. पहिल्यासारखा डोळा लागायचा, पहिल्यासारखा मी घडीत उतरायचो, पण आता तिथं कुणीतरी आधीच बसलेलं असायचं. पाठमोरं. मी बोलायला तोंड उघडायचो आणि जाग यायची. बाहेर शिपायानं घंटा दिलेली असायची. दरवर्षी नवी मुलं यायची, नवी जर्नलं, आणि प्रत्येकात ती घडी, माझ्या तक्त्यावरून उतरवलेली. पन्नास-साठ जर्नलांत माझेच पाच वळसे. मी तक्ता खाली उतरवला नाही. रंग उडाला की पुन्हा भरायचो, कारण परीक्षेत घडी विचारायचे.

मध्ये दहा-बारा वर्षं गेली. कोरेगाव भीमाकडे कारखाने वाढले, आमच्या मुलांच्या हातात मोबाइल आले, सूक्ष्मदर्शकांना दिवे आले. आरशांचे सूक्ष्मदर्शक भंगारात काढायचे होते, त्यातला एक मी सरांना सांगून पाचव्या टेबलावर ठेवून घेतला. एका दुपारी मी त्याचाच आरसा पुसत होतो. दारात एक बाई उभी होती. चष्मा, खांद्याला पिशवी, केसांत एखाददुसरी रुपेरी तार.

"मामा, उजेड अजून इथंच येतो का?"

सुनंदा पुण्यात एका संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉनच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकावर काम करत होती. स्टूल ओढून ती टेबलाशी बसली, जशी बसायची तशी, आणि पिशवीतून एक पाकीट काढलं. दोन फोटो टेबलावर ठेवले. धुरकट, राखाडी.

"दोन्ही एकाच जातीचे जिवाणू. हा बघा."

पहिल्यात घडी होती. मी इतकी वर्षं काढत आलो तशीच, वळसे आणि वळसे. ती खरंच होती तर.

"आता हा."

दुसऱ्यात भिंत, पटल, गर. घडी नव्हती.

मग तिनं सांगितलं. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू जिवंत ठेवता येत नाही, आधी त्याला मारून पक्का करावा लागतो. पूर्वी त्यासाठी रसायनं वापरायचे. रसायन आत शिरताना पटल आकसतं आणि चुरगळतं. त्याच जिवाणूला एका क्षणात गोठवलं, त्याला कळायच्या आत, तर पटल गुळगुळीत राहतं. घडी नसतेच.

"म्हंजी ही..." मी पहिल्या फोटोवर बोट ठेवलं.

"मरताना उठलेली सुरकुती हाय, मामा. श्वास-बिस काही न्हाई. आन् हे शास्त्रज्ञांनी कवाच लिहून ठेवलंय. तुम्ही तक्ता रंगवला त्याच्याबी आधी. पुस्तकातनं कुणी काढलं न्हाई, एवढंच."

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं. निळे आणि केशरी वळसे. एका जीवाच्या शेवटच्या क्षणाला मी इतक्या प्रेमानं रंग देत आलो होतो, आणि दुपारी त्यातच ऊब शोधत होतो.

तिला माझा चेहरा दिसला असावा. तिनं तिसरा फोटो काढला. ह्यात सगळी पेशीच घड्यांनी भरलेली होती, चपात्यांच्या चवडीसारखे थरावर थर. "हे बी गोठवूनच काढलंय. ह्या घड्या मात्र खऱ्या. उन्हावर जगणारे काही जिवाणू पटल आत वळवत्यात, म्हंजी जास्त उजेड धरता येतो. उजेड कमी आसंल तर घड्या आणखी घालत्यात. वळखा बरं, कुठल्या पाण्यातला हाय?"

मला एकदम सडक्या अंड्याचा वास आला.

"आप्पांच्या खड्ड्यातला," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

ऊन टेबलाच्या कडेला आलं होतं. मी हातातलं फडकं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत किती प्रकारे बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं काहीच आठवलं नाही.

"सुनंदा, तुझ्या जर्नलात ती घडी मी काढली होती."

"ठाऊक हाय मामा. दोन वर्षं तुमचा तक्ता बघत होते. तुमची रेघ मला कळणार न्हाई व्हय?"

"मग माझं नाव का घेतलं न्हाईस?"

तिनं चष्मा काढून पदराला पुसला. "मी तुमच्याकडं बघितलं. म्हटलं, आता मामा बोलतील. मला वाटलं, बोलतीलच." मग म्हणाली, "का न्हाई बोललात?"

एवढ्या वर्षांनी तिनं एकच प्रश्न विचारला, आणि मी जे उत्तर दिलं ते लिहायलाही लाज वाटते.

"हातात ट्रे व्हता."

ती हसली नाही. "व्हय," म्हणाली. "व्हता." आणि पुन्हा चष्मा लावला. तिनं मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. डॉक्टरकीचं नावही तिनं काढलं नाही. जाताना तिसरा फोटो माझ्यासाठी ठेवून गेली. पुढे कधीतरी आप्पांनाही तिनंच सगळं सांगितलं. ते त्यानंतरही बाजारच्या दिवशी आले, फुलं ठेवली, आणि लई शिकवलंत हे मात्र पुन्हा म्हणाले नाहीत.

गवारे सरांना मी तो फोटो दाखवला आणि मेसोसोमबद्दल सुनंदानं सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यांनी फोटो उजेडाला धरला. "खरं आहे," म्हणाले. "मलाही कुठंतरी वाचल्यासारखं वाटत होतं. पण तांबोळी, परीक्षेत अजून विचारतात. मुलांचे मार्क जातील." ते म्हणत होते ते खोटं नव्हतं. म्हणून तक्ता भिंतीवर राहिला आणि मुलं घडी काढत राहिली.

पण माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी निळा रंग आणि बारीक ब्रश घेतला. अब्बा डब्यांवर काढायचे तशा ठसठशीत अक्षरात घडीच्या शेजारी लिहिलं: ही घडी पेशीची नाही. ती मी काढली आहे. खाली नाव घातलं. रशीद तांबोळी. माझ्या तक्त्यांवरचं हे एकमेव नाव. मुलं येऊन विचारायची, मी त्यांना दोन्ही गोष्टी सांगायचो, परीक्षेत काय लिहायचं आणि खरं काय आहे. शेजारी तो गुलाबी पाण्यातल्या जिवाणूचा फोटो लावला होता.

त्या वर्षीच्या प्रॅक्टिकलला नवे परीक्षक आले होते. तरुण होते, घाईत होते. मुलं खाली मान घालून बसलेली. मी ट्रे घेऊन टेबलांमधून फिरत होतो. परीक्षक भिंतीजवळून चालत गेले, तक्त्यापाशी थांबले, पुन्हा एक पाऊल मागे आले आणि वाचलं. मग सगळ्या प्रयोगशाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे कुणी लिहिलं?"

मुलांनी माना वर केल्या. गवारे सर खिडकीकडे वळले. मोहराचा वास होता, उजेड पाचव्या टेबलावर आलेला होता. ट्रे भरलेला होता. मी तो त्या टेबलावर खाली ठेवला, हात पुसले.

"मी, सर," मी म्हणालो. "ती घडी माझी आहे."